मिरगाच्या आधीचे पाच दिवस आणि एका फुलाचं नाव

आईच्या डोक्यात गेली कित्येक वर्षं एक फूल अडकलंय. पिवळं, जमिनीला चिकटून येणारं, पावसाच्या अगदी आधी. तिच्या आजोळी, कोतूळच्या पुढे एका वस्तीवर, बांधाला ते दिसलं की तिची आजी घरातल्या सगळ्यांना कामाला लावायची, बाहेरची लाकडं आत घ्या, गवऱ्या झाका, छपराचं बघा. एवढं सगळं आईला लख्ख आठवतं पण फुलाचं नाव काही केल्या आठवत नाही. दरवर्षी मे महिना संपत आला की तिचं सुरू होतं, "अगं काहीतरी नाव होतं त्याला." मी पुस्तकं बघितली, फोटो दाखवले, पण मोबाईलवर सगळी पिवळी फुलं सारखीच दिसतात असं तिचं म्हणणं. शेवटी २०२४ च्या जूनमध्ये मी रजा टाकली आणि म्हटलं चल, जाऊनच बघू. मृग ७-८ जूनला लागतं, त्याच्या आधी पोचायचं, वाटेत पावसाची फुलं म्हणून लोक ज्यांना ओळखतात तीही बघायची, आणि आजोळी तिची मावशी अजून आहे तिला विचारायचं.

दिवस पहिला, ३ जून : कल्याण ते जुन्नर

सकाळी लवकर निघालो. मुरबाडच्या पुढे रस्त्याच्या कडेला बायका टोपल्या घेऊन बसल्या होत्या, करवंदं संपत आलेली, जांभळं, आणि ज्याच्यासाठी मी डोळे लावून बसले होते ती शेवळं. ठाणे-रायगडकडच्या लोकांना सांगायला नको पण बाकीच्यांसाठी सांगते, शेवळ म्हणजे सुरणाच्या जातीतल्या एका रानटी कंदाचा फुलोरा. पान नाही, काही नाही, कोरड्या जमिनीतून सरळ एक जांभळट तपकिरी कोंब वर येतो, मिटलेल्या छत्रीसारखा. तो मिटलेला असतानाच खुडतात आणि भाजी करतात. घशाला खाजतं म्हणून सोबत काकडं नावाची आंबट फळं घालतात, ती नसली तर चिंच. आतला पिवळा दाणेदार भाग काढून टाकायचा, तिथेच खरी खाज असते.

टोपलीवाल्या मावशींना मी विचारलं, "शेवळ आली की किती दिवसांनी पाऊस येतो हो?" मला वाटलं आठ दिवस, पंधरा दिवस असं काहीतरी उत्तर येईल. त्या म्हणाल्या, "अगं बाय, पाऊस आला की शेवळ संपते." मी परत विचारलं, त्यांनी परत तेच सांगितलं. मग माझ्या लक्षात आलं की माझा प्रश्नच उलटा होता, त्यांच्यासाठी शेवळ म्हणजे भाकीत नाही, ती एक मुदत आहे. शेवळं मिळतायत तोवर आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीची, कामं उरकायची, मीठमसाला भरायचा, सरपण आत घ्यायचं, कारण एकदा पाऊस लागला की कंदाचं पान वर येतं आणि फुलोऱ्याचे दिवस गेले.

मी एक शेवळ उभं चिरून बघितलं, गाडीच्या बॉनेटवर, आईच्या चाकूने. बाहेरचं आवरण जाड, आतून फिकट, मधे दांडा, दांड्याच्या खालच्या भागात अगदी बारीक फुलं गच्च बसलेली, आधी मादी फुलं आणि त्यांच्या वर नर. उमललं की याला कुजकट वास येतो आणि त्या वासाला किडे येतात, परागीकरण तेच करतात. वळवाच्या सरी पडल्या की किडे बाहेर निघतात आणि फुलही तेव्हाच हजर. पान नंतर काढलं तरी चालतं कारण अन्न कंदात साठवलेलं असतं. हे कळल्यावर मला शेवळाबद्दल फार आदर वाटला, कोरड्या ठणठणीत जमिनीखाली ते कित्येक महिने बसून राहतं आणि बरोबर त्या दोन-तीन आठवड्यांत बाहेर येतं.

टोकावड्याच्या आसपास बहावा दिसला, बहर सरत आलेला, खाली पिवळा सडा आणि झाडावर थोडेच घोस. बहाव्याचं तर सगळ्यांना माहीत आहे, बहर भरात आला की ४५ दिवसांनी पाऊस, दरवर्षी व्हॉट्सअॅपवर फिरतं. मी गाडीत बसून आईबरोबर हिशोब केला. केरळात बहावा विशूच्या सणाला, म्हणजे १४ एप्रिलच्या सुमारास हवाच असतो, त्यात ४५ मिळवले की २९ मे, आणि केरळात मान्सूनची सरासरी तारीख १ जून. २०२४ ला तो ३० मेला आला. बसलं की! मुंबईची सरासरी तारीख ११ जून, म्हणजे आपल्याकडे बहावा एप्रिलच्या शेवटी भरात असायला हवा, तो साधारण तसाच असतो. पण यात एक गोम आहे आणि ती मला आवडलेली नाही. सरासरीला सरासरी जुळते याचा अर्थ एवढाच की झाड आणि पाऊस दोघं आपापल्या ठरल्या ऋतूत येतात. एखाद्या वर्षी पाऊस दोन आठवडे अलीकडे पलीकडे झाला तर झाडाला ते आधीच कळलं होतं का, हा खरा प्रश्न, आणि त्याचं उत्तर एका झाडाकडे बघून मिळत नाही. शिवाय एकाच रस्त्यावरचे दोन बहावे पंधरा दिवसांच्या फरकाने फुलतात हे आपण सगळ्यांनीच बघितलंय, आणि काही तर पाऊस संपल्यावर परत थोडे फुलतात.

माळशेजला ढग खाली आले होते पण पाऊस नाही. घाट चढून रात्री जुन्नरला मुक्काम.

दिवस दुसरा, ४ जून : नाणेघाट

आज लोकसभेची मतमोजणी होती त्यामुळे सगळी दुनिया मोबाईलला चिकटलेली. चहाच्या टपरीवर आकडे चालू होते, आम्ही दोघी बहुतेक एकट्याच माणसं असू ज्या फुलं शोधत निघालो होतो. घाटघर गाव ओलांडून नाणेघाटाच्या पठारावर पोचलो (भंडारदऱ्याकडे दुसरं घाटघर आहे, गोंधळ करू नका). सातवाहनांचा शिलालेख असलेली गुहा, दगडी रांजण हे सगळं बघितलं पण त्यावर भरपूर लिहिलं गेलंय, मी पुढे जाते.

पठारावर आठवड्यापूर्वी वळीव झोडपून गेला होता असं टपरीवाले दादा म्हणाले. ते पठारावर लगेच दिसत होतं, कातळाच्या खाचांत जिथे बोटभर माती आहे तिथेच हिरवं, बाकी सगळं करडं. आणि त्या हिरव्यात दीपकाडी. वीतभर दांडी, तिच्यावर पांढरट हिरव्या घंटा खाली मान घालून लटकलेल्या, पाकळ्यांची टोकं मागे वळलेली. आई गुडघे धरत खाली बसली आणि म्हणाली, "हे नाही. पण छान आहे गं."

मी तिला नाव सांगितलं तर तिला ते आवडलं, दीप आणि काडी, दिव्याची काडी. मग मी सांगितलं की याचं शास्त्रीय नावच डिपकाडी आहे, म्हणजे हे नाव बहुतेक लोकांनी ठेवलेलं नाही. ती हिरमुसली. इथून आमचं दिवसभर एकच बोलणं सुरू झालं, कुठलं नाव लोकांचं आणि कुठलं नंतर ठेवलेलं. कासला लोक ज्याला मिकी माऊस म्हणतात ते कवला, उघडच आहे की मिकी माऊस हे नाव कुठल्या गुराख्याने ठेवलेलं नाही. सीतेची आसवं मात्र खूप गोड नाव, ओल्या कातळावरचं निळं जांभळं इवलंसं फूल, ते पाण्यातले सूक्ष्म जीव पकडून खातं हे कळल्यावर तर अजूनच चकित व्हायला होतं. तेरडा घ्या, तेरड्याचा रंग तीन दिवस ही म्हण आपण शहरातही वापरतो, आणि कोकणात गौर म्हणून घरात येतो तोच तेरडा. कळलावी हे नाव भांडणावरून नाही, बाळंतपणाच्या कळांवरून. नाव ऐकलं की त्या फुलाचा माणसाशी काय संबंध होता ते कळतं, कोणी औषधाला वापरलं, कोणी पूजेला, कोणी कामाची खूण म्हणून. नंतर ठेवलेल्या नावात हा संबंध नसतो, त्यात फक्त रूप असतं. मला दोन्ही प्रकारची नावं चालतात, फूल लोकांच्या तोंडी राहिलं तरी खूप झालं, पण पहिल्या प्रकारची नावं एकदा गेली की परत ठेवता येत नाहीत.

इंग्लंडमध्ये एक रानफूल आहे, स्कार्लेट पिंपर्नेल, तिकडचे खेडूत त्याला गरिबाचं हवामानयंत्र म्हणायचे. हवा दमट झाली, आभाळ भरलं की ते पाकळ्या मिटून घेतं, आणि शेतातला माणूस वाळत घातलेलं गवत गोळा करायला लागतो. तीच वनस्पती आपल्याकडेही आहे बरं का, फक्त निळ्या रंगाची, हिवाळ्यात गहू-हरभऱ्यात तण म्हणून येते. आता आपल्याकडे हिवाळ्यात पाऊसच नाही तर ती बिचारी सांगणार काय आणि कोणाला, त्यामुळे मला वाटतं इथे तिला तसलं नाव मिळायचं काही कारणच नव्हतं. फूल तेच, पण ऋतू बदलला की त्याचं काम बदलतं.

दुपारी एका झाडाखाली डबा खाताना मी आईला वराहमिहिराचं सांगितलं. सहाव्या शतकातली बृहत्संहिता, त्यात फुलं आणि वेलींवर एक आख्खा अध्याय आहे, कुठल्या झाडाला भरपूर फुलं आली की कुठलं पीक चांगलं येणार. मोहा फुलला तर गहू, सातवीण फुलली तर जव, लाल अशोक फुलला तर लाल साळ. पण मला त्यातला शेवटचा श्लोक सगळ्यात पटतो, त्यात फुलं नाहीतच. झाडाझुडपांची आणि वेलींची पानं तुकतुकीत आणि भोकं न पडलेली असतील तर पाऊस चांगला, रखरखीत आणि भोकाभोकांची असतील तर कमी. आई लगेच उठून करवंदीच्या जाळीत पानं बघायला लागली. मीही. तुकतुकीत होती, पण करवंदीची पानं चिवट आणि कायमच तुकतुकीत असतात, मग आम्ही कुंभ्याची बघितली, त्याला खालच्या पानांना भोकं आणि वरची नवी पानं कोवळी लुसलुशीत. "म्हणजे अर्धा पाऊस," आई गंभीरपणे म्हणाली. यात काहीतरी आहे मात्र. पानं तुकतुकीत असणं म्हणजे झाडाला पाणी मिळतंय, वळीव झालेत, मुळांना ओल आहे. ज्याने हे लिहिलं तो किंवा त्याला सांगणारे कोणीतरी झाडांजवळ वाकून बघणारे होते.

संध्याकाळी परतताना पावशा ओरडत होता, पेरते व्हा, पेरते व्हा, एकसारखा, वरच्या पट्टीत चढत जाणारा. आईने गाडीची काच खाली केली आणि जुन्नर येईपर्यंत वर केली नाही.

दिवस तिसरा, ५ जून : ओतूर, ब्राह्मणवाडा, कोतूळ

आज आई पहाटेच उठून तयार. ओतूरवरून ब्राह्मणवाड्याचा रस्ता घेतला, पुढे कोतूळ, मुळा नदी जवळजवळ कोरडी, डबक्यांत म्हशी. शेतं नांगरून पडलेली, खाचरांत कोपऱ्या कोपऱ्यात राब भाजलेले काळे चौकोन. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, भाताची रोपं जिथे करायची त्या तुकड्यावर पालापाचोळा, शेण, फांद्या रचून उन्हाळ्यात जाळतात, त्याला राब म्हणतात. त्याने तणाचं बी मरतं आणि राखेचं खत मिळतं.

वस्तीवर पोचलो तर मावशीआजी ओट्यावरच होती. ऐंशीच्या पुढे वय, नजर थोडी कमी झालीये पण आईला आवाजावरून ओळखलं. "आली का गं, ऊन किती झालंय, पाणी घे आधी." पाणी, चहा, मग जेवण, मग कोण कुठे असतं त्याची चौकशी, दोन तास असेच गेले आणि आई मधे मधे माझ्याकडे बघत होती, आता विचारू का म्हणून. शेवटी विचारलं.

"मावशी, ते पिवळं फूल नव्हतं का गं बांधाला, पावसाच्या आधी यायचं, आजी लाकडं आत घ्यायला लावायची. काय म्हणायचो आपण त्याला?"

मावशीआजी म्हणाली, "चल दाखविते."

काठी घेऊन ती पुढे, आम्ही मागे. घरामागे उतार, उताराखाली बांध, बांधावर सादडा आणि करवंदीच्या जाळ्या. तिने काठीने गवत बाजूला केलं. जुनं गवत वाळलेलं, नवीन दोन बोटं वर आलेलं. मला काही दिसेना. नारळाच्या अगदी बाळरोपासारखी, घड्या घातलेली दोन-तीन पानं फक्त. ती म्हणाली, खाली बघ. मी पालथी पडून बघितलं तेव्हा दिसलं. पानांच्या बुडाशी, मातीला अगदी टेकलेलं, सहा पाकळ्यांचं पिवळंधमक फूल, बोटाच्या पेराएवढं. पाकळ्यांची पाठ केसाळ, त्या केसांना मातीचे कण लागलेले. मधे सहा पुंकेसर. दांडी जवळजवळ नाहीच, फुलाचा खालचा भाग पानांच्या आवरणात मातीखाली गेलेला, त्याचं फळही तिथेच जमिनीत लपून धरतं. एक फूल, शेजारी एक मिटलेली कळी, वितीवर अजून एक रोप.

काळी मुसळी! पुस्तकात मी ही शंभर वेळा बघितली होती, औषधी मूळ म्हणून, मुळाच्या फोटोसकट. फुलाचा फोटो पण बघितलेला होता आणि तो आईला दाखवलाही होता, पण त्या फोटोत फूल मोठं करून दाखवलेलं, आणि आईच्या आठवणीत ते जमिनीवर पडलेल्या एका पिवळ्या ठिपक्यासारखं होतं. आई तर बोलेचना. खाली बसली, दोन बोटांनी गवत धरून ठेवलं आणि बघत राहिली.

मी म्हटलं, "आजी, हिला काळी मुसळी म्हणतात ना?"

"व्हय, मुसळी. मुळ्या न्यायला यायचा मागं एक जण, त्यो मुसळी म्हणायचा, मग आमी बी म्हणाया लागलो. मुळीला म्हणत्यात मुसळी."

"आणि फुलाला?"

"फुलाला काय नाव नाय."

आई एकदम वर बघून म्हणाली, "असं कसं, नाव होतं मावशी. आजी म्हणायची काहीतरी."

मावशीआजी हसली. "आय म्हणायची, आली का? रोहिणीत वळीव पडला का दुसऱ्या दिसापून इचारायची, बांधाकडनं कोण आलं का त्याला इचारायची, आली का? त्यो म्हणायचा नाय, नायतर म्हणायचा आली. कोण आली म्हणून कुणी इचारलं नाय कदी. तुला आठवतंय ते हेच आसंल."

आई गप्प झाली आणि मग हळूच म्हणाली, "हो. 'आली का.' तेच."

म्हणजे इतकी वर्षं ती जे नाव शोधत होती ते नाव नव्हतंच, तो प्रश्न होता. घरातल्या दहा-बारा माणसांना एकच गोष्ट एकाच वेळी हवी असली की तिला नाव लागत नाही. मुळी बाजारात जाते, तिला नाव लागतं कारण ती परक्या माणसाला विकायची असते. फूल कोणालाच विकायचं नव्हतं.

ओट्यावर परत आल्यावर मी खोदून खोदून विचारत बसले. फूल आलं की पाऊस नक्की येतोच का? मावशीआजीने मान हलवली. "ती पाऊस न्हाई सांगत. भुई भिजली का ते सांगती. वरनं भिजलेली आपल्याला दिसती, आतून भिजलेली तिला कळती." मग ती म्हणाली की वळवाची एक सर पडून गेली तर फूल येत नाही, दोन-तीन चांगल्या सरी पाहिजेत, मुळापर्यंत ओल गेली पाहिजे. ओल गेली म्हणजे आता भुईत दम आहे, राबात भात टाकायची तयारी करायला हरकत नाही, आणि आभाळ एवढ्यांदा आलं म्हणजे आता लाकडं बाहेर ठेवण्यात अर्थ नाही. यात गूढ असं काही नाही आणि म्हणूनच मला ते इतकं भारी वाटलं. आपण दहा सेंटीमीटर खाली ओल किती आहे ते मोजायला यंत्र लावतो, ह्या बायकांकडे ते बांधावर होतं, फक्त वाकून बघायला लागायचं.

मी मुद्दाम विचारलं, "बहात्तरच्या दुष्काळात आली होती का?"

ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "आली व्हती. आली, आन वाळली. आमी लाकडं आत घेतली व्हती सगळी." आणि पुढे त्या वर्षाचं बोलली, खडी फोडायला जायचे त्याचं, सुकडी मिळायची त्याचं, ते इथे लिहिणार नाही, ते तिचं आहे. पण एवढं नक्की सांगते की ज्या बाईने ते वर्ष काढलंय तिने त्या फुलावर राग धरलेला नाही. पुढच्या वर्षी रोहिणीत तिने परत बांधाकडे बघितलंच.

रात्री तिथेच राहिलो. शेवळाची भाजी मीच केली, काकडं घालून, मावशीआजीने दोन वेळा वाढून घेतली.

दिवस चौथा, ६ जून : राजूर, भंडारदरा, रतनवाडी

निघताना मावशीआजीने आईच्या ओटीत तांदूळ घातले. फूल खुडायचं नाही असं आईने मला बजावलं होतं, मी खुडणार नव्हतेच.

राजूरवरून भंडारदऱ्याला आलो, विल्सन धरण १९२६ सालचं, पाणी पार तळाला गेलेलं. दुपारी मोबाईलला रेंज आली तर बातमी, मान्सून आज महाराष्ट्रात दाखल, रत्नागिरीत पोचला. आईने ती बातमी मला मोठ्याने वाचून दाखवली आणि म्हणाली, "काल आली, आज आला."

आम्ही ज्या घरी उतरलो होतो तिथल्या दादांनी रतनवाडीच्या रस्त्याला एका ठिकाणी नेलं, काजवे बघायला. हेही पावसाच्या आधीचंच, मे संपता संपता सुरू होतं आणि पाऊस जोर धरला की संपतं. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ असल्या झाडांवर हजारो काजवे एका लयीत विझतात आणि पेटतात. नर काजवा प्रकाश दाखवून मादीला बोलावतो, त्यामुळे तिथे गाडीचे हेडलाईट, टॉर्च, फ्लॅश म्हणजे त्यांच्या बोलण्यात भोंगा वाजवण्यासारखं आहे. तरी लोक करतात. एका गाडीवाल्याला दादांनी दोनदा हात जोडून दिवे बंद करायला लावले. कृपा करून जाल तेव्हा टॉर्चला लाल कागद लावा आणि खाली धरा, आणि झाडाखाली जाऊ नका, माद्या बऱ्याचदा गवतात खाली बसलेल्या असतात.

दिवे बंद झाल्यावर पाच मिनिटं डोळे सरावायला लागली आणि मग ते झाड दिसायला लागलं, बुंध्यापासून शेंड्यापर्यंत एक लाट वर जायची, विझायची, परत खालून. मी फोटो काढला नाही.

दिवस पाचवा, ७ जून : घोटी, कसारा, घरी

सकाळी सांदण दरीकडे जायचं ठरलं होतं पण ढग इतके दाटून आले होते की दादा म्हणाले आता नको, दरीत पाणी कधी येईल सांगता येत नाही. बरोबर होतं त्यांचं. साम्रदपर्यंत जाऊन परत फिरलो. वाटेत एका उतारावर पांढरा सापकांदा दिसला, फडा काढल्यासारखं पांढरं आवरण, पान अजून यायचंय, अगदी शेवळाच्याच रीतीने आधी फूल मग पान. दोघं एकाच कुळातले, चुलत भावंडं म्हणायला हरकत नाही. फुलाच्या आवरणाला आतून जांभळी झाक होती आणि खाली नळीत दोन बारीक माशा फिरत होत्या.

घोटीवरून कसारा उतरताना पाऊस आला. मोठे टपोरे थेंब, वारा, वीज, म्हणजे अजून वळीवच, मान्सूनचा पाऊस नव्हे तो. आई म्हणाली गाडी थांबव. पंधरा मिनिटं कडेला उभे राहिलो, काचा बंद, टपावर ताशा वाजल्यासारखा आवाज. नंतर घाटाच्या भिंतीवरून मातीचं पाणी वाहत होतं आणि त्या वासाने गाडी भरून गेली.

९ जूनला मान्सून मुंबईत पोचला, कल्याणलाही दिवसभर लागून पडला. संध्याकाळी आईने मावशीआजीच्या घरी फोन लावला. तिकडेही पाऊस चालू होता, मागे पत्र्यावरचा आवाज येत होता, राबात भात टाकला का वगैरे सगळं नंतर विचारलं. फोन उचलल्या उचलल्या आई एवढंच म्हणाली, "मावशी, आहे का अजून?"

"एक सुकली," पलीकडून मावशीआजी ओरडून सांगत होती, "दोन नव्या आल्यात."